'लांटनामे'ला मराठीत काय म्हणाल?

पांथस्थ:
आल्ब्रेख्त आल्ट या जर्मन अभ्यासकाच्या १९२५ च्या निबंधाचं भाषांतर करतोय. विषय: बायबलमधल्या इस्राएली टोळ्या कनानात, म्हणजे प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये, कशा आल्या. शीर्षकात 'लांटनामे' आहे, म्हणजे जमीन घेणं. मी 'भूग्रहण' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'विजय' केलं. पण मेंढपाळ चराईला येत-येत डोंगरात स्थिरावले, लढाया नंतरच्या, हेच तर आल्टचं म्हणणं!

चकवा:
'भूग्रहण' नको, खग्रासची वेळ विचारतील लोक. 'भूसंपादन' म्हणजे थेट तलाठी. 'वसती' करा.

माजघर:
'विजय' हा ऑल्ब्राइट या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाच्या गोटातला शब्द. मेथडिस्ट मिशनऱ्यांचा मुलगा. बायबलात यहोशवा लढून कनान जिंकतो, त्या लढायांना उत्खननात पुरावा मिळतो म्हणायचा. त्याच मताचा पुरातत्त्वज्ञ यादीन तर इस्रायलचा माजी लष्करप्रमुख. १९५५ ते ५८ हासोर हे प्राचीन शहर खणलं, जळालेला थर लागला, की आलाच यहोशवा. पुढे १९६२ मध्ये मेंडेनहॉल या अमेरिकन अभ्यासकानं कनानातल्याच शेतकऱ्यांचं बंड मांडलं, १९७९ मध्ये गॉटवाल्डनं त्याला मार्क्स जोडला. आधी माणूस कुठला ते बघा, मग शब्द निवडा.

चकवा:
इतकं सोपं असतं तर! योहानान अहारोनीही इस्रायलीच, हासोरला यादीनच्याच चमूत. तो गालीलच्या डोंगरातली लहान खेडी दाखवून म्हणायचा, लोक आधी शांतपणे वसले. आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ केनियनबाईंच्या उत्खननात यरीहोचा तट इ.स.पू. १५५० च्या सुमारासच, म्हणजे यहोशवाच्या कितीतरी आधी, पडलेला निघाला, त्यात कुणाचे आईबाप काढणार?

माजघर:
अहारोनी किबुत्झवाला, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीतला, यादीन सेनापती. हे एकाच घरचे?

सांजवात:
मधेच बोलते. आमच्या आजीच्या बायबलात सरळ 'वतन' आहे. देव इस्राएलांना देश 'वतन म्हणून' देतो. चांगला रुळलेला शब्द आहे की.

शुद्धमती:
वतन अरबी आहे. 'दाय' किंवा 'वारसा' म्हणा.

सांजवात:
मग 'तारीख'ही काढा, 'जमीन'ही काढा. पांथस्थांनी पहिल्याच पोस्टमध्ये वापरलाय!

पांथस्थ:
वतन मिळालेलं असतं. आल्टला कुणी दिलं असं म्हणायचंच नाहीये. मला 'घेणं' हवंय.

गावकुस:
वतन रुळलेला खरा, पण कुणाच्या घरात? पाटलाच्या घरी वतन म्हणजे मान. आमच्याकडे वतन म्हणजे महारकी, वेळी-अवेळी सरकारी कामाला बोलावणं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक आणलं होतं. आजोबा बायबलात 'वतन' वाचते तर म्हणाले असते, देवानं दिलं, आता सोडवणार कोण?

शुद्धमती:
म्हणूनच म्हणते, 'दाय'.

चकवा:
'दाय' वाचून लोक दाई समजतील.