मदत हवी आहे: वहिनीचा हात मोडलाय, उचल फिटेपर्यंत मुकादम दोघांना सोडत नाही (बेळगाव जिल्हा)

नमस्कार. मी मूळचा बीड जिल्ह्यातला, सध्या चाकणला कंपनीत आहे. माझे चुलत भाऊ (मी त्यांना दादा म्हणतो) आणि वहिनी ऊसतोडीला गेलेत, चिकोडी तालुक्यात. दहा कोयत्यांची टोळी आहे, मुकादम, म्हणजे मजूर जमवून नेणारा ठेकेदार, आमच्याच भागातला. दादांनी श्रावणात एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोची मिळून, एक लाख उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) घेतली होती. त्यातली बरीचशी मागच्या वर्षीच्या बाकीत आणि काकूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेली.

पंधरा दिवसांपूर्वी रात्री ट्रॉली भरताना वहिनी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत होती. पाय घसरून खाली पडली. उजवं मनगट मोडलं. मुकादमानं दवाखान्यात न नेता जवळच्या वैदूकडून बांबूच्या कामट्या बांधून आणल्या. हात सुजून काळानिळा झालाय, बोटं वळत नाहीत. दादा म्हणाले, हिला गावी पोचवून येतो, चार दिवसांत परत येतो. त्यावर मुकादमानं दोघांचेही मोबाईल काढून घेतले. "आधी उचल फेडा, मग कुठं जायचं तिथं जा," असं म्हणाला. त्यांच्या कोपीसमोर (झोपडीसमोर) रात्री त्याचा माणूस झोपतो. गावाकडे त्याच्या भावानं आमच्या दारातून दादांची मोटारसायकल उचलून नेली. उचल देताना कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा आणि दोन कोरे चेक घेतलेले आहेत.

परवा वहिनीनं शेजारच्या कोपीतल्या बाईच्या फोनवरून मला फोन केला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता, ती अगदी हळू बोलत होती. "भाऊजी, एका हातानं वाढं बांधायला लावलंय. तान्हीला सांगू नका." वाढं म्हणजे उसाचे शेंडे, आणि तान्ही म्हणजे माझी नऊ वर्षांची पुतणी, काकूजवळ गावी आहे. ती रोज विचारते आईचा फोन का येत नाही.

हिशोब सांगतो, कारण सगळे आधी तेच विचारतात. दादा दर रविवारी वजनाच्या पावत्यांचे फोटो मला पाठवायचे, मी वहीत मांडून ठेवायचो. टोळीच्या खेपा कोयत्यांवर वाटल्या तर दादांच्या वाट्याला १२० टन येतात. मुकादमानं जाताना महाराष्ट्रातला ३६६ रुपये टनाचा दर कबूल केला होता. त्यानं ४३,९२० रुपये होतात, म्हणजे उचलीतले ५६,०८० राहतात. मुकादम म्हणतो ७८ हजार बाकी. वहिनी पडल्यापासून १४ दिवस रोज १००० रुपये खाडा (गैरहजेरीची कपात) धरलाय, म्हणजे १४ हजार, आणि ८ हजार खर्चीचे, म्हणजे मधे घरखर्चाला घेतलेले. खर्ची घेतली हे खरं आहे. पण हात मोडलेल्या बाईचा खाडा? आणि दादा तर एक दिवसही बसले नाहीत, तरी अख्ख्या कोयत्याचा खाडा लावलाय.

कारखान्याच्या शेतकी विभागात फोन केला तर "ते मुकादमाचे लोक, आमच्या रजिस्टरला नाहीत" म्हणाले. आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर "पैशाचा व्यवहार आहे, आपसात मिटवा, नाहीतर तिकडं जा" असं सांगितलं.

मला पैसे बुडवायचे नाहीत. मला दोघं घरी हवेत आणि वहिनीच्या हाताचं ऑपरेशन व्हायला हवं. तक्रार कुठे करायची, बीडला की बेळगावला? कुठल्या कायद्याखाली? मी स्वतः गाडी घेऊन जाऊन त्यांना आणू का?

शिवार
एकटे जाऊ नका, हे सगळ्यात आधी. तुम्ही निघालात अशी कुणकुण लागली की टोळी रातोरात दुसऱ्या फडावर (उसाच्या शेतावर) हलवतात. मग शोधत बसाल. त्या शेजारच्या बाईकडून गावाचं नाव, फड कुणाचा, जवळ कुठलं देऊळ किंवा शाळा आहे एवढं विचारून घ्या. तिला मात्र यात ओढू नका. तिचीही उचल असणार.

जोडवकील
मी कामगारांच्या केसेस करते. तुमचं प्रकरण व्यवहाराचं नाही, वेठबिगारीचं आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ मधली व्याख्या नीट वाचा. साखळदंड लागत नाहीत. आगाऊ रक्कम दिली आणि तिच्यापोटी माणसाचं येणं-जाणं अडवलं, दुसरीकडे काम करायची मोकळीक काढून घेतली, की ती वेठबिगारी. तुमच्या दादांच्या बाबतीत दोन्ही झालंय.

कुठे करायची तर माणसं आत्ता जिथे आहेत तिथे. या कायद्यात अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेत आणि ते हाताखालच्या अधिकाऱ्याला देता येतात. चिकोडी हा उपविभाग आहे, तिथे आपल्या प्रांतासारखा असिस्टंट कमिशनर असतो. अर्ज बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि चिकोडीच्या असिस्टंट कमिशनरना, प्रत बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना. ईमेलनं आजच पाठवा आणि उद्या कुणाला तरी प्रत्यक्ष देऊन पोचशिक्का घ्यायला लावा. त्या पट्ट्यात मराठी बोललं तर समजतं, पण अर्ज कन्नडमध्ये असला तर टेबलावर पडून राहत नाही. मजकूर मला पाठवा, माझी बेळगावची मैत्रीण करून देईल.

अर्जात "उचल परत करायला तयार आहोत" असं एक अक्षरही लिहू नका. कलम ६ प्रमाणे वेठबिगारीतलं कर्ज संपलेलं असतं. संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हा कलम ९ खाली गुन्हा आहे. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ नं मुकादमावर आहे, दादांवर नाही. वेठबिगारी करून घेण्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दंडाचा आकडा १९७६ पासून तोच आहे, याचा मला फार राग येतो.

मोटारसायकलीचीही वेगळी तक्रार द्या. त्या कायद्यात जप्त केलेली मालमत्ता परत द्यायची तरतूद आहे.

मुकादमाचा पुतण्या
राग येईल पण लिहितो. माझे चुलते वीस वर्षं मुकादमकी करतात. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्यांना. उचल घेऊन माणसं दुसऱ्या टोळीत गेली की वाहतूकदार मुकादमाच्या दारात येऊन बसतो. चुलत्यांनी त्यापायी दोन एकर विकलं. त्या मुकादमाचंही ऐकून घ्या.

जोडवकील
तुमच्या चुलत्यांचं दुःख खोटं नाही. पण तो पैसा वर ज्याच्याकडून आला त्याच्याशी भांडायचा मुद्दा आहे. मोडक्या हाताची बाई तारण ठेवून तो सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावं लागणं हेसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे. पोटाच्या गरजेनं केलेलं काम म्हणजे राजीखुशी नव्हे.

गंगाकाठ
पोलीस ठाण्याबद्दल. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याची माहितीही नोंदवून घ्यावी लागते, मग ती तिकडे वर्ग होते. न्याय संहितेचं कलम १२७ (डांबून ठेवणं) आणि १४६ (सक्तीची मजुरी) अर्जात लिहा. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा.

एक शंका, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा इथे लागतो ना?

जोडवकील
तो आता २०२० च्या संहितेत गेला, आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेठबिगारीचा कायदा त्यात गेलेला नाही, तो जसाच्या तसा आहे. म्हणून आधी त्यालाच धरा. वहिनींच्या अपघाताची भरपाई वेगळी मागायची आहे, पण ती दोघं बाहेर आल्यावर. सरकारी दवाखान्यातला पहिला कागद सांभाळा, त्यावर "काम करताना पडून" असं लिहून घ्या.

धागाकर्ता (चार दिवसांनी)
उशिरा लिहितोय, माफ करा. जोडवकील ताईंनी अर्ज कन्नडमध्ये करून दिला. काल सकाळी असिस्टंट कमिशनर ऑफिसचे दोघं, तहसीलदार आणि पोलीस फडावर गेले. आधी मुकादम म्हणाला, "विचारा त्यांनाच, राजीखुशीनं आहेत." दादा गप्प राहिले. वहिनी पुढं झाली आणि तिनं हात दाखवला. दोघांचे जबाब वेगवेगळे, मुकादमाला लांब उभं करून घेतले. वहिनीला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल केलंय, हाड चुकीचं जुळत होतं, परत बसवावं लागणार.

आता अडचण अशी. तिथले एक साहेब म्हणतात, चौकशीला वेळ लागेल, तुम्ही गावी जा, प्रमाणपत्र नंतर पोस्टानं येईल. दादांना कधी एकदा निघतो असं झालंय. निघावं का?

जोडवकील
मुक्तीचं प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू देऊ नका. उचल कायद्यानं संपली याचा कागद तोच. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला एक लाख आणि बाईला दोन लाखांची तरतूद आहे, तीही त्याच्याशिवाय अडते. वहिनी दवाखान्यात आहेत तोवर थांबायला कारणही आहे. जबाबाची प्रत आजच मागा.

धागाकर्ता
दादा तिथंच थांबतायत. मीच रात्रीच्या गाडीनं तिकडं निघालोय, दादांसोबत राहीन. जबाबाची प्रत मिळाली, वर तारीख आणि सही आहे. दवाखान्यातल्या सिस्टरच्या फोनवरून वहिनी तान्हीशी बोलली. तान्हीनं विचारलं, कुठला हात? वहिनी म्हणाली, उजवा. तर म्हणाली, मग तू आल्यावर तुझी वेणी मी घालीन.