रेड ब्लेंड तुरट लागली, वाइन खराब की माझी जीभ?

परवा एका छोट्या वायनरीची रेड ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांची मिसळलेली लाल वाइन, उघडली, लेबलवर कॅबर्ने सोव्हिन्यो, शिराझ, मर्लो अशा द्राक्षांच्या जाती लिहिल्यात. पहिल्याच घोटाला कच्चं केळं चावल्यासारखं झालं, हिरड्या कोरड्याठाक आणि नाकात नुसता अल्कोहोलचा झटका. वैतागून बूच लावून ठेवून दिली. गंमत म्हणजे काल तीच वाइन चक्क आवडली! मग पहिल्या दिवशी काय चुकलं?

निवांत_घोट
बाटली किती गरम होती ते आधी सांगा. रूम टेम्परेचर रूम टेम्परेचर सगळे करतात पण रेडला १६ ते १८ डिग्री बरी, त्याच्या वर गेली की अल्कोहोल नाकात घुसतो आणि फळाचा वास मागे पडतो. अर्धा तास फ्रिजमध्ये टाकत जा. आणि तुरट म्हणजे खराब नाही हो, ते टॅनिन, सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतं, लाळेतल्या प्रोटीनला धरतं म्हणून तोंड कोरडं पडतं. तोंडाला पाणी सुटलं तर ती ॲसिडिटी, ते वेगळं.

दुसरी_बाटली
टेम्परेचर असेलही, पण दुसऱ्या दिवशी सुधारली म्हणजे मला तर हवेचंच काम वाटतं. कॅबर्ने कडक, मर्लो मऊ, शिराझचा रंग गडद आणि वास मिरीचा (खरंच मिरीचा, रोटंडोन नावाचा तोच घटक शिराझ आणि मिरी दोन्हीत असतो). फ्रान्सच्या बोर्डो भागात कॅबर्ने-मर्लो दोन्ही लावतात त्यात हिशोब पण आहे, मर्लो आधी पिकते, एकीला हवामानाने दगा दिला तर दुसरी हाताशी. तुमच्या बाटलीत कॅबर्ने जास्त असणार. पुढच्या वेळी सरळ जगमध्ये ओतून तासभर ठेवा, नुसतं बूच काढून काही होत नाही, एवढ्याशा गळ्यातून हवा जाणार किती?

बूचबहाद्दर
ओल्या पुठ्ठ्यासारखा वास होता का? तो बुचाचा दोष, कितीही हवा द्या जात नाही. नसेल तर बिनधास्त प्या. उरलेली फ्रिजमध्येच ठेवा, रेड असली तरी.

प्रश्नकर्ता
पुठ्ठा नव्हता. आत्ता शेवटचा ग्लास थंड करून घेतला, मिरी सापडली राव, पण गिळल्यावर! तळाचा काळपट गाळ मात्र दातात आला, तो चालतो ना?

निवांत_घोट
चालतो, पण कडू लागतो. शेवटचं बोटभर बाटलीतच सोडायचं.