पार्किन्सन्समध्ये तोलासाठी टीडीसीएस (डोक्यावरून दिलेला सौम्य विद्युतप्रवाह): अॅनोड (धन इलेक्ट्रोड) कुठे ठेवायचा आणि फरक कसा मोजायचा?

तोलमोल_फिजिओ
रुग्णाचं वय 68, होएन-यार टप्पा 3 (आजाराच्या पाच टप्प्यांपैकी तिसरा). लेव्होडोपाने (डोपामिन वाढवणारी गोळी) कडकपणा बराच सुटतो, पण वळताना तोल जातोच आणि मागे खेचून बघितलं की चार-पाच पावलं मागे जाऊन मगच थांबतात. न्यूरोलॉजिस्टच्या सल्ल्याने व्यायामाच्या जोडीला टीडीसीएस सुरू करतोय: 2 मिलिअँपिअर, 20 मिनिटं, 35 चौ. सेंमी स्पंज. अॅनोड सीझेडवर (डोक्याचा मधोमध माथा) ठेवू की एफ3वर (कपाळाच्या वर डावीकडे)? करंट व्यायामाच्या आधी द्यायचा की व्यायाम चालू असताना? आणि उजव्या भुवईवरच्या स्पंजखाली लाली येते, ती चालेल का?

स्पंज_आणि_सलाईन
लालीचं आधी. स्पंजखाली सगळीकडे पसरलेली फिकट लाली तास-दोन तासांत जाते, तिची चिंता नको. पण नाण्याएवढा, कडा स्पष्ट असलेला गडद डाग दिसला तर ती भाजल्याची खूण. तो बरा होईपर्यंत त्या जागी इलेक्ट्रोड ठेवू नका. बहुतेक वेळा स्पंजचा एक कोपरा कोरडा राहिलेला असतो किंवा पट्टा एकाच बाजूला आवळलेला असतो, त्यामुळे सगळा करंट तेवढ्याच जागेतून जातो.

भिजवायला नळाचं पाणी नको, 0.9 टक्के सलाईन घ्या. 35 चौ. सेंमी स्पंजला प्रत्येक बाजूला साधारण 6 मिली पुरतं. जास्त ओतलं तर ओघळ केसांतून दुसऱ्या इलेक्ट्रोडपर्यंत जातो, करंट डोक्याच्या त्वचेवरून परस्पर वाहतो आणि आत फारसा पोचत नाही. मशीनवर मात्र सगळं छान दिसतं! केस बाजूला सारून त्वचा उघडी करा, घासून खरवडू नका. इंपीडन्स (करंटला होणारा अडथळा, मशीनवर दिसतो) 10 किलोओमच्या वर असेल तर सुरूच करू नका, आणि मध्येच चढू लागला तर स्पंज सुकतोय असं समजा.

करंटचा चढ-उतार 30-30 सेकंदांचा ठेवा. वायर मध्येच निघाली की डोळ्यासमोर चमकतं, कारण भुवईवरचा इलेक्ट्रोड डोळ्याच्या अगदी जवळ आहे. अपाय नाही, पण पेशंट दचकतो, आणि तोल जाणाऱ्या माणसाने उभ्याने दचकणं परवडत नाही.

लेव्होडोपा_घड्याळ
सीझेड की एफ3, याचं उत्तर काय बिघडलंय त्यावर ठरतं. पायांचं मोटर क्षेत्र दोन्ही गोलार्धांच्या मधल्या फटीत आहे, त्यामुळे सीझेडवरचा मोठा स्पंज दोन्ही पायांच्या क्षेत्रांवर येतो. चालता चालता बोलायला लावलं की पावलं कोलमडत असतील तर एफ3 करून बघण्यासारखं आहे. सीझेड टेपने काढा: नाकाच्या मुळाची खाच ते डोक्यामागचा उंचवटा याचा मध्य, आणि दोन्ही कानांसमोरच्या खाचांमधल्या रेषेचा मध्य. दोन्ही जिथे छेदतात तिथे. एफ3 अंदाजाने काढू नका, मापाची टोपी वापरा.

माझं मत: नुसत्या करंटवर वेळ घालवू नका. तोल हा प्रकार फक्त डोपामिनचा नाही, ब्रेनस्टेममधली कोलिनर्जिक (अॅसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनावर चालणारी) केंद्रंही त्यात आहेत, म्हणून तर गोळीने कडकपणा जातो आणि पडणं राहतं. करंट देताना पाऊल टाकण्याचे, वळण्याचे, धक्का सावरण्याचे सराव करून घ्या. कमरेला गेट बेल्ट (धरून सावरायचा पट्टा), हाताशी दुसरा माणूस.

मोजमापात घोळ होतो तो इथे: आधीची चाचणी 'ऑफ'मध्ये (गोळीचा असर नसताना) आणि नंतरची 'ऑन'मध्ये (असर असताना) झाली की जो फरक दिसतो तो गोळीचा. दोन्ही वेळा गोळी घेतल्यानंतर तेवढ्याच मिनिटांनी तपासा. बर्ग या तोलाच्या चाचणीत अशा पेशंटचे गुण बऱ्याचदा वरच्या टोकाला चिकटतात. मिनी-बेस्टेस्ट ही तोलाची चाचणी घ्या, 14 बाबी, 28 गुण, त्यात दुहेरी कामाचं टीयूजीही (दुसरं काम करत खुर्चीतून उठून चालून परत बसणं) येतं. सुरुवातीला दोनदा घ्या, सवयीने वाढणारे गुण त्यात कळतात. एक-दोन गुणांच्या वाढीवर खूश होऊ नका.

कॉइलवाला
टीडीसीएसऐवजी कोणी आरटीएमएसचा (चुंबकीय कॉइलने मेंदूला वारंवार उत्तेजन) विचार करत असेल तर एवढंच: 2020च्या युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्सवरच्या उच्च-वारंवारता आरटीएमएसला 'बी' पातळी (बहुधा उपयोगी) आहे, पण ती पार्किन्सन्सच्या मोटर लक्षणांसाठी. ती तोलाला लावू नका. पायाचं क्षेत्र खोल असल्याने साध्या आठच्या आकड्याच्या कॉइलपेक्षा डबल-कोन बरी. मोटर थ्रेशोल्ड (स्नायू हलवायला लागणारी किमान ताकद) टिबिआलिस अँटीरिअर या नडगीवरच्या स्नायूवरून काढा, हाताच्या स्नायूवरून काढलेला आकडा पायाला चालत नाही. कानात इअरप्लग हवेतच. डोक्यात धातू, कॉक्लिअर इम्प्लांट, डीबीएस (मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड), पेसमेकर किंवा फिट्सचा इतिहास असेल तर आधी न्यूरोलॉजिस्टला विचारा, टीडीसीएससाठीही.

तोलमोल_फिजिओ
धन्यवाद. डीबीएस नाही, फिट्स नाहीत. दोन्ही चाचण्या सकाळच्या गोळीनंतर एकाच वेळी घेतो. वळताना तोल जातो तो बोलत असो वा नसो, म्हणजे सीझेडच.

लेव्होडोपा_घड्याळ
हो, सीझेड. त्याआधी बीपी झोपून आणि उभं राहून 3 मिनिटांनी बघा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त.