बोअरच्या पाण्याने पांढरे कपडे पिवळे पडतायत, इस्त्रीखाली डाग उमटतायत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही परभणीला, गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये राहतो. इथे अजून नळ आलेला नाही. प्यायला आरओचा जार घेतो, बाकी अंघोळ, भांडी, धुणं सगळं बोअरवर. पाणी दिसायला स्वच्छ आहे, पण बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि तोटीच्या तोंडाशी खडे जमतात.

घरात सासरे आहेत, आबा. वय ७८. आयुष्यभर पांढरं धोतर, पांढरा नेहरू शर्ट आणि टोपी. त्यांचं धुणं आत्याबाई स्वतः करायच्या आणि कडक इस्त्रीला कपडे जुन्या गल्लीतल्या परीटकाकांकडे जायचे. काकांनी वयोमानाने दुकान बंद केलं. त्यात संक्रांतीच्या सुमारास आत्याबाईंचं मनगट मोडलं, तेव्हापासून धुणं आणि इस्त्री दोन्ही माझ्याकडे आहे.

अडचण अशी. धुताना फेस होतच नाही, म्हणून पावडर वाढवत गेले. कपडे वाळले की पापडासारखे कडक, हाताला खरखरीत. शेजारच्या ताईंनी धुण्याचा सोडा टाकायला सांगितला. तो टाकल्यावर फेस झाला, मळही निघाला, मला वाटलं सुटलो. पण खरी गोष्ट इस्त्री करताना कळली. तारेवर वाळताना धोतर पांढरं दिसतं, गरम इस्त्री फिरली की घडीच्या रेघेवर, शिवणीवर आणि काठाजवळ पिवळसर पट्टा उमटतो. दोन शर्टांच्या कॉलरचीही तीच गत. मग मी ब्लीच वापरलं, तर एका धोतरावर तांबूस ठिपके आले. ते आता कशानेच जात नाहीत.

त्यात इस्त्री वाफेची. तिच्यातही बोअरचंच पाणी भरत होते. गेल्या आठवड्यात तिने भोकांतून तपकिरी पाणी टाकलं, तेही नव्या शर्टाच्या खिशावर.

आबा एका शब्दाने बोलत नाहीत. पण परवा दारातून पाहिलं, निऱ्या घालताना पिवळा पट्टा आतल्या बाजूला जाईल अशा बेताने ते धोतर फिरवून घेत होते. ते बघून फार लागलं. आषाढीला ते एसटीने पंढरपूरला जातात. तोवर निदान दोन जोड्या तरी पूर्वीसारख्या पांढऱ्या करून द्यायच्या आहेत.

दोष नक्की कशाचा, पाण्याचा, पावडरीचा की इस्त्रीचा? आणि घरी कडक इस्त्री कशी करायची? मला साडीला जमते, धोतराला जमत नाही.

*

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

ताई, मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. दोष मुळात पाण्याचा आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर उपाय करताना झालंय. आपल्याकडे खाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. त्याच्या भेगांतून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. साबण आधी या क्षारांशी संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. सगळे क्षार संपल्याशिवाय फेस येत नाही. तो साका धाग्यात बसतो, म्हणून कापड खरखरीत लागतं. साबणाच्या वडीने हे जास्त होतं, डिटर्जंटने कमी.

धुण्याचा सोडा हा उपाय बरोबर आहे, पण तो कपड्यांवर टाकायचा नाही, आधी पाण्यात टाकायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची कमाल मर्यादा लिटरला ६०० मिलिग्रॅम आहे. तुमचं पाणी तेवढं कठीण धरलं, तर १५ लिटरच्या बादलीत ९ ग्रॅम क्षार झाले. त्यांना बसवायला साधारण १० ग्रॅम कोरडा सोडा पुरतो, म्हणजे दोन-तीन चहाचे चमचे. तो कोमट पाण्यात विरघळवून बादलीत घाला, ढवळा आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नका. पाणी दुधाळ होऊन गाळ खाली बसेल. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि त्यात पावडर घाला, नेहमीच्या निम्मीच. तुरटी इथे कामाची नाही, ती गढूळपणा बसवते, विरघळलेले क्षार नाही.

पिवळ्या पट्ट्याचं कारण वेगळं आहे. कापडात उरलेला साबण आणि सोडा इस्त्रीच्या उष्णतेने पिवळा पडतो. शिवणीत आणि काठात कापड जाड, तिथे तो जास्त उरतो, म्हणून पट्टा नेमका तिथेच येतो. शेवटून दुसऱ्या पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्व टाका आणि कपडे पाच मिनिटं बुडवून ठेवा. सोडा मारला जातो, धाग्यातला क्षारही सुटतो. मग एकदा साध्या पाण्यातून काढा.

तांबूस ठिपके बहुधा लोहाचे आहेत. रात्री पारदर्शक बाटलीत बोअरचं पाणी भरून झाकण उघडं ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला की पाण्यात लोह आहे. तसं असेल तर ब्लीच बंद, ते लोहाला गंजाच्या रूपात कापडावरच बसवतं. ठिपक्यांवर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, दोन-तीनदा करावं लागेल. आणि एक अगदी कळकळीने सांगतो, ब्लीच आणि लिंबूसत्व किंवा व्हिनेगर एका बादलीत कधीही येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

*

प्रतिसाद, लातूर

पोरी, सरांनी सांगितलं ते बरोबर. मी जुनी माणूस, मला माहीत आहे तेवढं सांगते. आमच्याकडं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून पाणी वाया घालवायचं म्हटलं की हात थरथरतो. म्हणून तुला सांगते, खळबळलेलं शेवटचं पाणी टाकून देऊ नको, दुसऱ्या दिवशी रंगीत कपडे आणि पायपुसणी त्यातच भिजव. सोड्याचं पाणी मात्र झाडांना घालू नको.

रिठा वापरून बघ. खाऱ्या पाण्यात साबण फाटतो, रिठा फाटत नाही. पाच-सहा रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्री भिजवायची, सकाळी उकळून कुस्करून गाळून घ्यायची. रेशमी साड्या मी आजवर त्याच्यातच धुतल्या. पैठणीला मात्र पाणीच दाखवत नाही. जरीची तार काळी पडली तर परत येत नाही. तिला उलट्या बाजूनं, वर मलमलीचं फडकं टाकून, कोमट इस्त्री, आणि दर सहा महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची.

आणि मृग जवळ आलाय. पत्र्यावरचा पहिला पाऊस वाहून जाऊ दे, पत्रा धुतला गेला की खाली पिंप लाव. पावसाच्या पाण्यासारखं मऊ पाणी नाही. आम्ही आमच्या मामंजींची धोतरं पावसाळ्यात त्याच पाण्यात धुवायचो. चिमूटभर पावडरीत कोपरापर्यंत फेस यायचा.

*

प्रतिसाद, नांदेड

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या परीटकाम आहे. इस्त्रीचं मी सांगतो.

धोतर कडकडीत वाळू देऊ नका. उन्हाळ्यात आपल्याकडं तासाभरात सुती कापड पार सुकतं, मग कितीही इस्त्री दाबा, सुरकुती जात नाही. थोडं दमट असतानाच तारेवरून काढा. सुकलंच असेल तर पाणी शिंपडा, गुंडाळी करून ओल्या पंचात बांधून अर्धा तास ठेवा. पाणी सगळीकडं सारखं मुरलं पाहिजे, खरी कडक इस्त्री तिथंच होते.

खळ करायची तर दोन चमचे मैदा गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, लिटरभर उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा आणि फडक्यातून गाळा. ती अर्ध्या बादली पाण्यात मिसळून धोतर बुडवा. नीळ घालायची तर थेंब आधी तांब्यात ढवळून मग बादलीत, नाहीतर निळे डाग पडतात. लिंबूसत्वाचं पाणी निघून गेल्यावरच खळ आणि नीळ. खळीचे कपडे पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका, कसर आणि झुरळं लागतात. पावसाळ्यात खळ पातळ करा, नाहीतर कुबट वास धरतो.

धोतराला टेबल पुरत नाही. जमिनीवर जुनी रजई, वर स्वच्छ चादर. धोतराच्या लांबीत चार पदरी घडी घाला, काठ काठाला लागला पाहिजे. आधी दोन्ही काठ इस्त्री करा, मग मधला भाग. काठ आखडला असेल तर हाताने ताणून धरा, इस्त्री ओढू नका, दाबून उचला. घडीच्या रेघेवर शेवटी एकदाच दाब द्या. शर्टाला आधी कॉलर, तीही आतल्या बाजूने आणि टोकाकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे गेलात की टोकाला चुणी पडते. मग खांदे, कफ, बाह्या, समोरचे पल्ले, पाठ शेवटी.

इस्त्री सुरू केली की आधी टेरीकॉटचे कपडे, इस्त्री तापत गेली की सुती. आतल्या पट्टीवर इस्त्रीचं चित्र असतं, त्यात एक ठिपका म्हणजे कमी ताप, दोन म्हणजे रेशीम-लोकर, तीन म्हणजे सुती. १००० वॅटची इस्त्री सलग तासभर तापली तर एक युनिट जातं, म्हणून रोज एकेक कपडा करण्यापेक्षा आठवड्याचे एकदम करा.

वाफेच्या इस्त्रीत बोअरचं पाणी कधीच नको. जारचं आरओ पाणी घाला, नाहीतर गाड्यांच्या बॅटरीसाठी क्षार काढलेलं पाणी मिळतं ते. बाटलीवर नीट वाचून घ्या, ॲसिडची बाटली वेगळी असते. काम झालं की उरलेलं पाणी ओतून टाका. आता जमलेला क्षार काढायला, कंपनीच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तरच, पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं भरून न्हाणीत जुन्या फडक्यावर वाफ सोडा.

*

प्रतिसाद, जालना

माझे यजमान शेतावर जातात, काळ्या मातीचा चिखल कपड्यांवर असतोच. ओला असताना चोळू नका, माती धाग्यात जाते. पूर्ण वाळू द्यायचा, झटकून ब्रश मारायचा, मग भिजवायचं. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात ठेवा, दोन दिवसांत उडतो.

*

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस थांबून, करून बघून लिहितेय.

बाटली ठेवली होती. सकाळी तळाशी तांबूस धूळ बसलेली दिसली, म्हणजे लोह आहे. आता रात्रीच पिंप भरून ठेवते आणि सकाळी वरचं पाणी काढून त्यात सोडा घालते. पहिल्यांदा आबांच्या जुन्या उपरण्यावर प्रयोग केला. सोडा बसवलेल्या कोमट पाण्यात नुसतं भिजवलं, पावडरीचा कणही नाही. दहा मिनिटांनी हाताने खळबळलं तर बादलीत फेस! इतके महिने आम्ही धुतलेला साबण त्या कापडातच बसून होता. तीन पाणी बदलली तेव्हा फेस थांबला. चौथ्या पाण्यात लिंबूसत्व, मग साधं पाणी. वाळल्यावर हातात घेतलं तर मऊ लागलं. इस्त्री फिरवली, काठ पांढरा राहिला.

मग धोतरजोडीतलं एक पान घेतलं. नांदेडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे रजई घातली, पंचात गुंडाळलं. आत्याबाई एका हाताने काठ ताणून धरत होत्या, मी दाबत होते. त्यांना महिन्यांनी या कामात हात घालता आला, त्या मध्येच म्हणाल्या, "इकडून धर, आडवं नको जाऊ." पहिली घडी तिरकी झाली, उकलून परत केली. पिवळा पट्टा पुष्कळ फिका झालाय, पूर्ण गेलेला नाही. तांबूस ठिपक्यांवर लिंबू-मीठ तीनदा झालं, चारातले दोन गेले.

आबांनी ते धोतर नेसलं, ओट्यावर जाऊन बसले आणि शेजारच्या आजोबांना म्हणाले, "सूनबाईनं घरीच इस्त्री केली."

सर, एक विचारायचं होतं. शर्टाच्या खिशावरचा वाफेच्या इस्त्रीचा तपकिरी डागही लोहाचाच समजू का? त्यालाही लिंबू-मीठ चालेल, की नव्या कापडाला काही होईल? शर्टात थोडं टेरीकॉट आहे. आणि लातूरच्या काकू, पिंप आणलंय, पत्र्याखाली पन्हाळ लावायला उद्या माणूस येतोय.

*

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

ताई, आधी शर्टाच्या आतल्या शिवणीवर लिंबाचा थेंब टाकून अर्धा तास बघा. रंग बदलला नाही तर डागावर लावा, पण मीठ चोळू नका, नव्या कापडाचा पोत जातो. डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर इस्त्री मात्र फिरवू नका, पक्का होईल.