बाबांचा मोतीबिंदू, मल्टिफोकल लेन्स घ्यावी का?

त्रिमूर्तीनगरकर: बाबा ६८ चे, शुगर आहे बऱ्याच वर्षांपासून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, रात्री वर्धा रोडवर समोरच्या गाडीचा लाईट फुटल्यासारखा दिसते म्हणतात, तरी स्कूटर काही सोडत नाहीत. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं आणि काउन्सेलर मॅडम मल्टिफोकलच्या (डोळ्यात बसवायची, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स) मागेच लागल्या, म्हणे चष्माच नाही लागणार. पैशाचं पाहून घेऊ, पण खरंच घ्यावी का? शेजारचे काका तर म्हणून राहिले की पिकू द्या, अन् उन्हाळ्यात करूच नका.

कूलरखाली: पिकू द्यायची गोष्ट जुन्या जमान्यातली हो बाप्पा, तेव्हा मोठा चिरा देऊन आख्खं भिंग काढायचे. आता फेको म्हणतात त्या ऑपरेशनमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या चिऱ्यातून मोतीबिंदू अल्ट्रासाऊंडनं फोडून ओढून घेतात न् घडी केलेली लेन्स आत सरकवतात, बहुतेक वेळा टाकाही नाही. जास्त पिकला की कडक होते, मग फोडायलाच त्रास. उन्हाळ्याचंही काही नाही, फक्त घाम-धूळ डोळ्यात जाऊ नये न् कूलरच्या थेट झोतात झोपवू नका.

महालकर: मी ऑप्टोमेट्रीत (डोळे-नंबर तपासायच्या कामात) आहे म्हणून लिहितो. लेन्सच्या आधी डोळ्याच्या आतल्या पडद्याचं (रेटिनाचं) विचारा. मल्टिफोकल येणारा उजेड लांब आणि जवळ असा वाटून देते, त्यात कॉन्ट्रास्ट कमी होते, आणि शुगरनं पडदा आधीच खराब असला तर ते आणखी जाणवते, म्हणून अशा पेशंटला डॉक्टर शक्यतो टाळतात. शिवाय रात्री लाईटभोवती कडी दिसू शकतात, बाबांची तर तक्रारच ती आहे! मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची लेन्स, लांबची बसवली की गाडीला साफ दिसते, पेपर वाचायला चष्मा लागते, एवढंच. सिलिंडर नंबर (बुबुळाच्या वाकड्या गोलाईमुळे येणारा) जास्त असेल तर तो भरून काढणारी टोरिक लेन्स विचारा. पडद्याचं ओसीटी (स्कॅन) करून घ्या, दुसरं मत पाहिजे तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागात दाखवा.

त्रिमूर्तीनगरकर: ओसीटीचं कोणी बोललंच नव्हतं. अन् मावशीचा मोतीबिंदू ऑपरेशननंतर परत आला म्हणते, असं होते का?

महालकर: मोतीबिंदू परत येत नाही. लेन्स ज्या पिशवीत बसवतात तिचा मागचा पापुद्रा काही जणांचा धूसर होते, याग लेसरनं काही मिनिटांत मोकळा करतात, पुन्हा ऑपरेशन नाही. मावशीला तपासून घ्यायला सांगा.

कूलरखाली: ड्रॉप महिनाभर तरी चालतात, वेळा मोबाईलमध्ये लावून ठेवा, अन् डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्यावरून आंघोळ नाही. बाबा ऐकणारे नसतील तर सरळ आईच्या ताब्यात द्या, स्कूटरच्या चाबीसकट.