घरची उपासना: टिकते कशी, मोडते कुठे

ख्रिस्ती घरातली रोजची उपासना, म्हणजे घरच्यांनी मिळून केलेलं गीत, बायबलवाचन आणि प्रार्थना, बंद पडते ती बहुतेक वेळा विश्वास आटला म्हणून नव्हे. ती लांबत गेली, तिची वेळ रोज हलली, किंवा घरात अबोला असताना तशीच रेटली गेली, म्हणून बंद पडते. आपापल्या साक्षी, म्हणजे विश्वासाचे अनुभव, इथे सांगायच्या नाहीत. नेमकं काय करायचं, किती मिनिटं, कोणत्या क्रमाने आणि कुठे फसतं, एवढंच सगळ्यांनी लिहावं.

दोन शाळकरी मुलांची आई

वेळ घड्याळावर ठरवू नका, रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. 'रात्री साडेआठ' ही वेळ पाहुण्यांनी मोडते, कामावरून यायला उशीर झाला तरी मोडते. 'जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी' ही वेळ मोडत नाही, कारण जेवण रोज होतंच. एकदा ताटं उचलली की माणसं पांगतात. मग त्यांना पुन्हा गोळा करताना आवाज चढतो, आणि ओरडून बोलावलेलं मूल हात जोडून बसलं तरी मनाने तिथे नसतं.

बारा मिनिटं पुरतात. गीताची दोन कडवी, २ मिनिटं. बायबलमधल्या आठ ते पंधरा वचनांचं (क्रमांक दिलेल्या छोट्या वाक्यांचं) वाचन, ३ मिनिटं. त्यावर एकच प्रश्न, ३ मिनिटं. प्रत्येकाची एक-दोन वाक्यांची प्रार्थना, आणखी ३. उरलेल्या मिनिटात सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली. ही शेवटची गोष्ट कधीच गाळू नये. ज्याला त्या दिवशी काही बोलायला सुचत नाही, त्यालाही तिच्यात तोंड उघडता येतं.

परीक्षा, आजारपण, प्रवास असेल त्या दिवशी दोन मिनिटांची करा: एक वचन, एक वाक्य, प्रभूची प्रार्थना. आखूड केलेली उपासना दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण होते. सलग चार दिवस गाळलेली पुन्हा सुरू करायला मात्र फार जड जाते.

आणि घरातल्या मोठ्यांना नम्र विनंती, वचनाचं प्रवचन करू नका. वीस मिनिटांचा उपदेश सुरू झाला की मुलं ऐकायचं सोडून संपायची वाट पाहू लागतात.

रविवार शाळेच्या शिक्षिका

ताईंनी 'एकच प्रश्न' म्हटलंय, त्याला वयाची जोड देते.

तीन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसलं, गीत ऐकलं, शेवटी 'आमेन' म्हणालं की त्याची उपासना झाली. त्याला गप्प बसवण्यात सगळ्यांची शक्ती घालवू नये. चार ते सहा वर्षांच्या मुलाला 'कोण होतं, कुठे होतं, काय झालं' विचारा. सात ते अकरा वयात 'तू तिथे असतास तर काय केलं असतंस' हा प्रश्न चालतो. त्यापुढच्या मुलांना उत्तर आपल्याला ठाऊक असलेला प्रश्न विचारूच नये, त्यांना तो लगेच ओळखू येतो.

मार्क ४:३५-४१ घ्या (मार्कचं शुभवर्तमान, अध्याय ४, वचनं ३५ ते ४१), येशूने वादळ शांत केल्याचा प्रसंग. लहानग्याला विचारा, येशू कुठे झोपला होता? नावेच्या मागच्या भागात, उशीवर. ही उशी मार्कनेच सांगितली आहे, आणि मुलांना ती फार आवडते. मधल्याला विचारा, शिष्यांनी त्याला उठवलं ते बरोबर केलं का? मोठ्याला विचारा, वादळ थांबल्यावरही ते का भ्याले? हा शेवटचा प्रश्न मोठ्यांनाही अडवतो. तेव्हा उत्तर लगेच देऊन टाकू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या.

पाठांतरासाठी आठवड्याला एक वचन पुरे. पहिल्या दिवशी तीन-चार शब्दांचे तुकडे पाडून म्हणायचं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून दर फेरीत दोन शब्द पुसायचे. तिसऱ्या दिवशी फक्त पहिली अक्षरं ठेवायची. मग आठवड्याने आणि महिन्याने उजळणी. उजळणी चुकली की पाठ झालेलं वाहून जातं, त्यामुळे नवं वचन घेण्याआधी मागचं विचारावं. सुरुवातीला स्तोत्र २३ (सहा वचनं) आणि स्तोत्र १२१ (आठ वचनं) घ्या. फिलिप्पै ४:६-७ मोठ्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत आधार देतं. पाठ करताना घरात एकच भाषांतर वापरा. आई एका आवृत्तीतून आणि आजी दुसऱ्यातून म्हणून घेऊ लागली की मूल दोन्हींच्या मध्ये अडखळतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: वचन शिक्षा म्हणून लिहायला लावू नका. भांडण केलं म्हणून पन्नास वेळा 'एकमेकांवर प्रीती करा' लिहिलेल्या मुलाला ते वचन पुढे गोड लागत नाही. इफिस ६:४ मध्ये बापांना मुलांना चिडीस आणू नका असं सांगितलं आहे, आणि कलस्सै ३:२१ त्याचं कारण देतं: ती खचून जातात.

मंडळीतले वाचनाचे तक्ते तयार करणारे

वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) वाचायचा संकल्प बहुतेक घरांत लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात अडकतो. हिशोब पाहा. एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. एकट्याने वाचायला ठीक, सगळ्या घराने मोठ्याने वाचायला फार. नव्या करारात, म्हणजे येशूपासून पुढच्या भागात, २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच दिवस, रोज एक, की ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो, आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात. घरासाठी याहून चांगला तक्ता माझ्या माहितीत नाही.

स्कॉटलंडमधले पाळक रॉबर्ट मरे मकचेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता आजही वापरात आहे. रोज चार भाग, त्यांतले दोन घराने मिळून वाचायचे आणि दोन एकांतात. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. सुंदर रचना, पण लहान मुलं असताना ती झेपत नाही.

नवशिक्या घराने आधी मार्क घ्यावा, सोळा अध्याय, घटना भरभर पुढे जातात. मग रूथ आणि योना, प्रत्येकी चार अध्याय. त्यानंतर स्तोत्र १२० ते १३४, ही पंधरा आरोहणस्तोत्रं, म्हणजे यरुशलेमेला चढून जातानाची यात्रागीतं. १३२ वं सोडलं तर सगळी आखूड आहेत. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचता येतात, पण लहानांसोबत पूर्ण अध्याय नको, तीन-चार वचनं निवडा. शास्ते १९ सारखे क्रूर हिंसेचे अध्याय मुलांसमोर मोठ्याने वाचण्याचे नाहीत. ते मोठ्यांनी आधी स्वतः वाचून ठेवावेत.

चुकलेला दिवस भरून काढू नका. तीन दिवसांचे तीन अध्याय एका बैठकीत संपवायला घेतले की वाचन कर्ज फेडल्यासारखं होतं. ज्या तारखेला आलो ती तारीख वाचायची, मागचं सोडून द्यायचं.

नाताळाआधी अनेक घरं १ डिसेंबरपासून लूकचा रोज एक अध्याय घेतात, कारण अध्याय चोवीस. पण मग जन्माची कथा २ तारखेलाच येते आणि २४ ला पुनरुत्थान वाचलं जातं. त्यापेक्षा लूक १:१ ते २:२० घ्या. पहिल्या अध्यायाची ८० आणि पुढची २० मिळून १०० वचनं होतात. वीस दिवस चार-चार आणि चार दिवस पाच-पाच वाचली की मेंढपाळ बरोबर २४ तारखेला पोचतात.

विवाहपूर्व मार्गदर्शन करणारं दांपत्य

सगळे क्रम बरोबर बसवले आणि नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसले, तर ती उपासना मुलांना पोकळ वाटते. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४). हे वचन सर्वांत आधी घरात लागू पडतं. म्हणून आमचा आग्रह असा: भांडण झालं असेल तर उपासना दहा मिनिटं उशिरा सुरू करा, पण आधी दोघं आत जाऊन बोला.

क्षमा मागण्याचे चार भाग असतात. केलेली गोष्ट नावानिशी सांगायची: 'तुझ्या आईसमोर मी तुला तोडून बोललो.' त्याने समोरच्याचं काय झालं ते म्हणायचं: 'तुला सगळ्यांसमोर कमीपणा आला.' मग सरळ मागायची: 'मला क्षमा कर.' आणि पुढे काय करणार ते सांगायचं: 'आईशी याबद्दल मी स्वतः बोलतो.' तिसरा भाग लोक गाळतात आणि 'जाऊ दे ना आता' म्हणून पुढे सरकतात. मग क्षमा मागितलीही जात नाही आणि दिलीही जात नाही, विषय फक्त दबतो. 'पण' आणि 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे दोन तुकडे वाक्यात आले की पुन्हा सुरुवातीपासून बोलावं.

सूर्य मावळण्याआधी राग सोडा (इफिस ४:२६), याचा अर्थ रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालून निकाल लावा असा नाही. थकलेली माणसं जास्त लागेल असं बोलतात. 'माझा राग गेलेला नाही, पण मी तुझ्या विरोधात नाही, उद्या सकाळी बोलू' एवढं म्हणून झोपता येतं. मात्र सकाळी खरंच बोलायला हवं.

एकत्र प्रार्थनेत जोडीदाराला निरोप देऊ नये. 'प्रभू, यांना घरी वेळेवर यायची बुद्धी दे' हे देवाशी बोलणं नाही. जे बोलायचं ते तोंडावर बोला, आणि प्रार्थनेत स्वतःसाठी मागा.

घरात मारहाण होत असेल तर यातलं काहीही 'गप्प सोसा' म्हणून वापरू नये. क्षमा आणि त्याच छताखाली पुन्हा मार खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी सुरक्षित जागा, विश्वासू माणसं आणि कायद्याची मदत. समेटाचा विचार नंतर, आणि समोरच्याचं वागणं दीर्घकाळ बदललेलं दिसल्यावरच.

प्रार्थनेची वही ठेवणारी

चार रकाने: तारीख, नाव, विनंती, काय झालं. नावं आठवड्याच्या सात दिवसांत वाटून घ्या, दिवसाला पाचपेक्षा जास्त नकोत. तीस नावं रोज वाचली जाऊ लागली की ती फक्त हजेरी होते. महिन्यातून एकदा मागची पानं काढून उपकारस्तुती करा.

दुसऱ्याची अडचण वहीत लिहिताना त्याला विचारलंय का, हे आधी पाहा. मुलांसमोर कुणाच्या संसाराची, कर्जाची, आजाराची सविस्तर 'प्रार्थना' केली की ती कुजबूज होते. फक्त नाव घ्या, तपशील प्रभूला ठाऊक आहे.

चौथा रकाना रिकामा राहिलेल्या विनंतीपुढे घाईने 'देवाची इच्छा नव्हती' लिहू नका. तारीख टाकून पुढे न्या. स्तोत्र १३ मध्ये 'किती वेळ' हा प्रश्न चार वेळा येतो, आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. असं गाऱ्हाणं शास्त्रानेच आपल्या तोंडी दिलं आहे, ते घरातही मोठ्याने वाचलं जावं.

जपमाळ म्हणणाऱ्या घरातून

जपमाळ ही कॅथलिक घरांतली मण्यांवर मोजून म्हणायची प्रार्थना; दहा मण्यांचा एक गट म्हणजे दशक. पूर्ण पाच दशकांना पंधरा ते वीस मिनिटं लागतात. लहान मुलं असतील तर रोज एकच दशक म्हणा: एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा 'नमो मरिया', एकदा 'पित्याला गौरव'. प्रत्येक दशकासोबत येशू आणि मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगाचं, म्हणजे रहस्याचं, मनन करायचं: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. गुरुवारी प्रकाशाची, ती पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. दशक सुरू होण्याआधी त्या रहस्याचं शास्त्रातलं एक वचन वाचलं नाही तर तोंड चालतं आणि मन भरकटतं. एकेक दशक एकेका मुलाने चालवावं. मोजायची जबाबदारी हातात आली की झोप उडते.

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा करणारी

स्मृती गेलेल्या माणसासमोर नवं, सोप्या भाषेतलं शास्त्र उघडू नका. त्यांनी तरुणपणी जे पाठ केलं, त्याच जुन्या भाषांतरातून वाचा. स्वतःच्या मुलांची नावं विसरलेली माणसंही स्तोत्र २३ सोबत म्हणू लागतात, गीताची चाल तर त्याहून जास्त टिकते. पाच मिनिटांच्या वर नको. रोज तोच क्रम, तीच खुर्ची, शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते. टीव्ही बंद करा, समोर बसा, ऐकण्याचं यंत्र लावलंय का पाहा. कानाशी ओरडू नका. हात धरून सावकाश बोला. मध्येच थांबले तर चूक दाखवू नका, पुढचा शब्द हळूच द्या.

पाळकांना घरी प्रभुभोजनासाठी (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी) बोलावताना गिळायला त्रास होतो का, ते आधीच कळवा. भाकरीचा अगदी छोटा तुकडा ओला करून देता येतो.

सेवा करणाऱ्यालाही प्रार्थना लागते, आणि त्याच्याकडे शब्द उरलेले नसतात. 'प्रभू, दया कर' एवढंच म्हणा. शब्द नसताना पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे रोम ८:२६ अशाच दिवसांसाठी आहे.

जोडीदार विश्वासात नसलेली

१ पेत्र ३:१ विश्वासात नसलेल्या पतीला शब्दांवाचून जिंकण्याबद्दल बोलतं. त्यांच्या कार्यक्रमाच्या वेळी मोठ्याने गीत लावू नये, त्यांना कोपऱ्यात धरून वचन ऐकवू नये. मुलांसोबत सात मिनिटं दुसऱ्या खोलीत बसावं, दार उघडं ठेवावं. मुलांच्या तोंडून त्यांच्यासाठी सार्वजनिक प्रार्थना करवून घेऊ नये. मुलाला आई-बाबांपैकी एक निवडायला लावल्यासारखं होतं.

कामानिमित्त दूर राहणारे वडील

फोनवरची उपासना आठ मिनिटांत आटपा. सगळ्यांनी एकत्र गायचा प्रयत्न करू नका. आवाज मागे-पुढे पोचतो, ताल सुटतो, मुलं हसू लागतात. घरची मंडळी गातात, दूरचा माणूस माइक बंद करून सोबत गुणगुणतो. वाचन दूरच्या माणसाने करावं म्हणजे तो नुसता पाहुणा राहत नाही. प्रार्थनेत कोणानंतर कोण ते आधी ठरवा, नाहीतर दोघं एकदम बोलतात आणि दोघंही थांबतात. शेवटी गणना ६:२४-२६ चा आशीर्वाद प्रत्येक मुलाचं नाव घेऊन द्या. शाळेची चौकशी, पैशांचा हिशोब, तक्रारी यांसाठी वेगळा फोन करा. त्याच फोनवर त्या आल्या की मुलं उपासनेचा फोन टाळू लागतात.