हातात काम आहे, पेपरात नापास. मग प्रॅक्टिकल पुन्हा कशासाठी?

सलाईनवाली
बीएस्सी नर्सिंग, चौथं सेमिस्टर चालू. तिसऱ्याचा निकाल परवा लागला. ॲडल्ट हेल्थ नर्सिंगच्या थिअरीत १०० पैकी ४३, पासिंगला ५० लागतात. त्याच विषयाच्या प्रॅक्टिकलला ७८ आहेत. आणि नियम असा की दोन्हींपैकी कशातही गेलं तरी दोन्ही पुन्हा द्यायचं. म्हणजे माझे ७८ पाण्यात.

रडून झालंय, ते सांगत बसत नाही. सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंगच्या वेळी आजीबाई मला नावाने हाक मारतात. हात हलका आहे, हे मला सिस्टरांनीच सांगितलंय. पण मी परभणीकडची, बारावीपर्यंत अर्धंमुर्धं मराठीतच शिकलेली. पेपरात उत्तर माहीत असतं, त्याचं इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत पुढच्या प्रश्नाची वेळ जाते. माझं म्हणणं एवढंच: जे गेलं तेवढंच पुन्हा घ्या. आलेलं परत का तपासता?

घरी अजून सांगितलेलं नाही. आई अंगणवाडी सेविका आहे. तिने आत्ताच गल्लीभर "आमची सिस्टर" सुरू केलंय.

बावीस_वर्षं_वॉर्ड
राग आला तर येऊ दे, पण नियम बरोबर आहे. आमच्याकडे एक नवीन सिस्टर होती. शीर शोधण्यात तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. साखर प्रचंड वाढून कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल साचलेल्या अवस्थेत आलेला पेशंट, इन्सुलिनचं इन्फ्युजन शिरेतून चालू. पोटॅशियमचा रिपोर्ट ३.१, म्हणजे आधीच कमी, फाइलला लावलेला. तिने पाहिला नाही. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत ढकलतं, रक्तातलं आणखी उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. राउंडला डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. हलक्या हाताने ते कळलं नसतं. ते थिअरीतच असतं.

ब्रदर_नाईट
ताई, आदर आहे, पण तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ती सिस्टर थिअरीत पास होती ना? त्याशिवाय तुमच्या वॉर्डात आलीच नसती. मग पेपराने कोणाला वाचवलं?

मी स्वतः फिजिऑलॉजीत गेलेलो. दुसऱ्यांदा पास झालो ते हृदय कळलं म्हणून नाही, पाच वर्षांचे पेपर घोकले म्हणून. 'डिफाइन शॉक, एन्लिस्ट टाइप्स' लिहून मार्क पडले. खरा शॉक, म्हणजे शरीराला रक्तपुरवठाच पुरत नाही तो, पुढे कॅज्युअल्टीत पाहिला. नाडी पळतेय, हातपाय थंडगार, आणि बीपी अजून बऱ्यापैकी दिसतंय. तेव्हा बीपीवर विसंबायचं नाही, हे मला तिथल्या मावशींच्या आधी कळायला हवं होतं. कळलं नाही.

बावीस_वर्षं_वॉर्ड
झोंबलं, पण मुद्दा मान्य. तरी सांगते, शिकून विसरलेलीला आठवण करून देता येते. कधी शिकलीच नाही तिला रात्री तीन वाजता काय सांगू?

फी_भरणारा
मी पालक म्हणून बोलतो. इंग्रजीचं कारण पुरे झालं. औषधाच्या बाटलीवर काय मराठीत लिहिलेलं असतं? माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. फी, हॉस्टेल, मेस, सगळं धरून घरातलं दुसरं काही चालत नाही. प्रॅक्टिकल पुन्हा द्यावं लागतं म्हणून कुरकुर करण्यापेक्षा मोबाइल बाजूला ठेवा.

सलाईनवाली
काका, मोबाइल हॉस्टेलच्या मॅडमकडे जमा असतो. रात्री एक तास मिळतो, त्यातच हे लिहितेय.

ट्यूटर_आहे_पण
मी शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खाते. नियमाची एक बाजू कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. प्रॅक्टिकलला आम्ही नुसतं ड्रेसिंग बघत नाही, व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षाही असते. तिथे 'हे का केलंस' विचारतो. म्हणून दोन्ही एकत्र बांधलेलं आहे. पण पुन्हा केस घ्या, पेशंटच्या काळजीचा आराखडा म्हणजे केअर प्लॅन लिहा, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल परीक्षकासमोर उभ्या राहा, हे ७८ वालीला शिक्षा वाटणार, हेही खरं. माझ्या हातात असतं तर मी प्रॅक्टिकलचे मार्क पुढे धरले असते. स्टाफरूममध्ये हे बोलले तर अर्ध्या जणी माझ्याशी बोलणार नाहीत.

सलाईनवाली, तुझे केअर प्लॅन काढ. त्यातला 'रॅशनेल'चा, म्हणजे 'हे का करायचं' त्या कारणाचा कॉलम बघ. तू स्वतः लिहिलायस की सिनियरच्या वहीतून उतरवलायस? शंभरातल्या नव्वद मुली उतरवतात असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही, पण वह्या तपासताना तीच चूक, त्याच स्पेलिंगसकट, वर्षानुवर्षं फिरताना दिसते. तुझे सात मार्क त्या कॉलममध्ये आहेत. ऑपरेशननंतर पेशंटला खोल श्वास का घ्यायला लावतेस, हे आधी मराठीत मोठ्याने सांग. मग तेच इंग्रजीत मुद्द्यांत लिही. लांब वाक्यांच्या नादी लागू नकोस, तिथेच तुझा वेळ जातो. आणि पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी मागचं सगळं निघालेलं हवं, एवढी तारीख डोक्यात ठेव.

सोडलं_मी
सगळे जिद्दीचं सांगतायत म्हणून उलट बाजू. मी ठेवली जिद्द, तीन वेळा. नंतर नर्सिंग सोडून डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, आज लॅबमध्ये आहे आणि बरी आहे. कोर्सला आठ वर्षांची मुदत असते. ती संपेपर्यंत ताणायलाच पाहिजे असं नाही. फक्त निकालाच्या आठवड्यात ठरवू नकोस. मी त्या आठवड्यात बॅग भरून एसटी स्टँडवर बसले होते, आणि तेव्हा मला नर्सिंग सोडायचंच नव्हतं. झोप उडाली असेल, नको नको ते मनात येत असेल तर टेली-मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, रात्रीही उचलतात. मला तेव्हा असं कोणी सांगितलं नव्हतं.

ब्रदर_नाईट
एसटी स्टँडवाल्या ताई, हे आमच्या बॅचमधल्या दोघांना वाचायला देतो.

फी_भरणारा
मोबाइलचं मागे घेतो. बाकी मत तेच आहे. पण पोरी, घरी सांग. बाहेरून कळलं तर बापाला जास्त लागतं.

सलाईनवाली
काल घरी सांगितलं. आई आधी गप्प बसली. मग म्हणाली, "७८ कशात पडले म्हणालीस?" थोड्या वेळाने तिने मावशीला फोन लावला आणि फक्त ७८ सांगितले.

रॅशनेलचा कॉलम बघितला. उतरवलेलाच आहे. नियम मला अजूनही पटलेला नाही, ट्यूटर मॅडमच माझ्या बाजूच्या निघाल्या, त्यामुळे तो वाद मी सोडत नाही.

बावीस वर्षंवाल्या ताई, तुम्हाला एक विचारायचंय. सध्या मेडिसिनला पोस्टिंग आहे. आज इन्सुलिन इन्फ्युजनवाल्या बाबांची फाइल उघडली, तर पोटॅशियमचा रिपोर्ट लागलेलाच नव्हता. असं असेल तर कोणाला सांगायचं असतं? डॉक्टरांना थेट बोलायची हिंमत झाली नाही.

बावीस_वर्षं_वॉर्ड
इन्चार्ज सिस्टरला. लगेच. आणि किती वाजता सांगितलंस ते लिहून ठेव.

सलाईनवाली
सांगितलं. ४:१०.